लहान मुलांचं आजारपण : कधी थांबायचं आणि कधी धावायचं?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याला तीन दिवस सणकून ताप होता, १०३ पर्यंत. सर्दी नाही, खोकला नाही, काहीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला म्हणून हुश्श केलं, तर दुपारी अंग पुसताना पोटावर आणि पाठीवर गुलाबी पुरळ. होते तशी त्याला उचलून दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाले, "रोझिओला आहे. ताप उतरल्यावर पुरळ आलं म्हणजे आजार संपला. घरी जा आणि झोपा."

हे झालं उगाच धावल्याचं. पण दोन महिन्यांपूर्वी बरोबर उलट झालं होतं. साधा खोकला होता, घरातले सगळे "दात येताहेत, होतं असं" म्हणत होते, मीही दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी त्याला ऑक्सिजन लावावा लागला. ते दोन दिवस मला अजून झोपू देत नाहीत.

डॉक्टरांकडे न्यावं की वाट पाहावी, हे ठरवताना तुम्ही नक्की काय बघता? "आईला कळतं" असं कृपया सांगू नका. मला नव्हतं कळलं.

रानपाखरू

तुम्हाला एक घट्ट मिठी. दातांवर ढकललेली किती दुखणी मी पाहिली आहेत! दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, अंग थोडं कोमट लागतं. १०२-१०३ ताप दातांचा नसतो, आणि धाप तर कधीच नसते.

बालमित्र

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण मृद्गंध यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येण्यासारखं आहे.

खोकल्यात मी पहिल्यांदा खोकला ऐकत नाही, श्वास मोजतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातला कपडा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेचे वेगवान श्वासाचे आकडे आहेत. त्यापुढे गेला तर त्याच दिवशी दाखवा. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, मूल कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, निघा.

तापात आकड्यापेक्षा मूल महत्त्वाचं. १०३ ताप असलेलं मूल औषधाने ताप थोडा उतरल्यावर खेळत असेल, पाणी पीत असेल, तर मला फारशी काळजी नसते. १०१ ताप आहे पण मूल मलूल पडलंय, डोळ्याला डोळा देत नाही, तर असते. अपवाद एकच, आणि तो ठळक लक्षात ठेवा : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर बाळ कितीही छान दिसत असलं तरी लगेच दाखवायचं. रात्र असली तरी.

मृद्गंध

बालमित्र, मनापासून आभार. कपडा वर करून मोजायचं, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

केदार_७१

माझं मत थोडं वेगळं आहे. अशा याद्या वाचून माणसं घाबरतात. आमच्या घरी पहिल्या मुलाच्या वेळी प्रत्येक पुरळ, प्रत्येक ताप घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसायचो, आणि सकाळपर्यंत त्याला जगातले सगळे दुर्मीळ आजार झालेले असायचे. शंभरातली नव्वद दुखणी आपोआप बरी होतात. दुसऱ्या मुलाच्या वेळी वाचन बंद केलं. मूल शांत वाढलं, आम्हीही शांत राहिलो. दुर्मीळ आजार दुर्मीळच असतात हो.

निशिगंधा

केदारदादा, नव्वदांचं पटतं. उरलेल्या दहांतली एक माझी मुलगी आहे, म्हणून लिहिते.

ती तेव्हा अडीच वर्षांची होती. ताप सुरू झाला, तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. चिकट नव्हते, नुसते लाल. डोळे आले म्हणून थेंब मिळाले. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ आलं, तर औषधाची ॲलर्जी असेल म्हणून अँटिबायोटिक बदललं. ओठ फुटले, जीभ लालभडक आणि दाणेदार झाली. त्याचं कारण, ताप आहे, पाणी कमी पडतंय. प्रत्येक गोष्टीचं वेगळं आणि पटणारं उत्तर मिळत होतं. सगळ्यांचं मिळून एक उत्तर कुणी शोधत नव्हतं, मीही नाही.

सहाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "ताप सुरू होऊन आज कितवा दिवस?" मग तिच्या दंडावरची बीसीजीची जुनी खूण बघितली. ती लाल होऊन सुजली होती. मानेत गाठ, तळहात-तळपाय सुजलेले. त्या म्हणाल्या, कावासाकी आजार वाटतोय, आजच टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करू.

जपानमधल्या तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये असं पहिलं मूल पाहिलं आणि १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती एकत्र करून छापली. यात रक्तवाहिन्यांना सूज येते. उपचार झाले नाहीत तर साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचं औषध, शिरेतून वेळेत दिलं, म्हणजे शक्यतो पहिल्या दहा दिवसांत, तर तो धोका खूप कमी होतो. आमच्याकडे सातव्या दिवशी दिलं. आज ती नऊ वर्षांची आहे, एको स्वच्छ आहे, पळते, पोहते.

आमचं नशीब की सगळी लक्षणं एकदम नव्हती तरी मी रोज फोटो काढत होते. पुरळ सहाव्या दिवशी जवळजवळ गेलं होतं. डॉक्टरांनी ते फोटोत पाहिलं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे : आजारपणात तारीख, वेळ आणि फोटो. पाच दिवस ताप म्हटला की कारण सापडलंच पाहिजे, "व्हायरल असेल" पुरत नाही.

केदार_७१

निशिगंधा, वाचून सुन्न झालो. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण अर्धं सुधारतो. वाचायचं नाही असं नाही, मुलाकडे बघणं सोडून वाचायचं नाही.

निशिगंधा

हे पूर्ण मान्य.

शांतिप्रिया

माझी आई ताप आला की ॲस्पिरिनची अर्धी गोळी द्यायची. आम्ही चारही भावंडं ठणठणीत आहोत. आता का नको म्हणतात?

बालमित्र

आईंच्या काळी ते सर्रास होतं. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातले डॉ. रे यांनी मुलांमधल्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजिण्यांतून सावरणारं मूल अचानक उलट्या करू लागतं, बरळतं, यकृत आणि मेंदूला सूज येते. पुढे त्याचा ॲस्पिरिनशी संबंध दिसला. मुलांना ॲस्पिरिन देणं थांबलं आणि हा रे सिंड्रोम जवळजवळ दिसेनासा झाला. त्यामुळे तापासाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर.

आणि मोजताना बाटली नीट वाचा. थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरंच घट्ट असतं. थेंबांची बाटली संपली म्हणून तेवढंच सिरप दिलं तर डोस फार कमी पडतो. उलट केलं तर धोक्याइतका जास्त होतो.

निशिगंधा

गंमत म्हणजे आमच्या लेकीला कावासाकीत ॲस्पिरिनच दिलं होतं! मी डॉक्टरांशी त्यावरून जवळजवळ भांडले. तो ठरवून केलेला अपवाद आहे, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून. त्या काळात घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच कळवायला सांगितलं होतं. आणि इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लशी अकरा महिने पुढे ढकलल्या. हे कुणाच्या बाबतीत घडलं तर लसीच्या कार्डावर लिहून ठेवा, आम्ही विसरणार होतो.

रानपाखरू

ताप मेंदूत जातो म्हणतात त्याचं काय? माझ्या भाच्याला तापात आकडी आली तेव्हा मी एकटीच घरात होते. डोळे वर गेले, हातपाय झटकत होते, ओठ निळे. मला वाटलं संपलं सगळं. शेजारच्या काकू चमचा घेऊन धावत आल्या, दातांत घालायला. मी अडवलं, कारण तेवढं एकच मला कुठेतरी वाचलेलं आठवलं. कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसले. दीड मिनिट. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब दीड मिनिट.

बालमित्र

तुम्ही जे केलंत ते अगदी तसंच करायचं असतं. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात. थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवं, विशेषतः मान ताठ आहे का, मूल नीट शुद्धीवर येतंय का, हे.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. दिसायला भयंकर, पण साधी असेल तर मेंदूला इजा होत नाही. तिघांतल्या एकाला पुन्हा येऊ शकते. तापाचं औषध वेळेवर दिलं असतं तर टळली असती का, असं आईवडील स्वतःला विचारत राहतात. औषधाने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळते असं दिसलेलं नाही. तेव्हा ते ओझं उतरवा.

सदाफुली

आता माझं ऐका. बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा, रात्री अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालेलं. अचानक पुन्हा सुरू झालं. शाळा बदलली होती, सगळ्यांनी मनावर ताण आलाय असं ठरवलं. रात्री पाणी देणं बंद केलं. तो न्हाणीघरात जाऊन नळाला तोंड लावून पाणी प्यायचा, त्याबद्दल बोलणी खायचा. तीन आठवड्यांनी उलट्या आणि पोटदुखी. पोट बिघडलंय म्हणून एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी जोरजोरात खोल श्वास घ्यायला लागला आणि गुंगीत गेला. रक्तातली साखर पाचशेच्या वर. टाइप १ मधुमेह.

आता तो बारा वर्षांचा आहे, इन्सुलिन स्वतः घेतो, फुटबॉल खेळतो. पण त्या बोलण्यांचं बहिणीच्या मनातून अजून जात नाही. खूप तहान, खूप लघवी, वजन उतरणं, थकवा. हे एकत्र दिसलं तर बोटातल्या रक्ताची साखर त्याच दिवशी तपासा. एका टोचणीचं आणि मिनिटभराचं काम आहे.

बालमित्र

यात एक खूण आम्ही शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून शिकवतो. उलट्या-जुलाबांनी मूल कोरडं पडलं की लघवी कमी होते. मूल उलट्या करतंय, जीभ सुकलीय, आणि तरी भरपूर लघवी होतेय, तर ते पोट बिघडणं नव्हे. साखर बघा.

साध्या जुलाबांत मात्र ओआरएस हेच मुख्य औषध आहे. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाण्यात अर्धी पुडी अंदाजाने नको, मिठाचं प्रमाण चुकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने परत. सहा ते आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, बाळाची टाळू खचलीय, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर दवाखाना.

केदार_७१

काल रात्री बालमित्र यांच्या सांगण्याप्रमाणे धाकट्याचे श्वास मोजायला बसलो. तो जागा झाला आणि माझा शर्ट वर करून माझे मोजायला लागला. वीसपर्यंत येतात त्याला, त्यामुळे मी ठणठणीत आहे असं त्याने जाहीर केलं.

मृद्गंध

:) :)

चक्रधर

बरेच दिवस नुसता वाचत होतो. माझ्या मुलाचं लिहावं की नाही कळत नव्हतं.

तो उशिरा चालायला लागला, अठराव्या महिन्यात. चार वर्षांचा झाला तरी जिना चढताना कठडा धरायचा, पळताना मागे पडायचा. पोटऱ्या मात्र दणकट, बघणारे म्हणायचे पैलवान होणार. एकदा तापात रक्त तपासलं, त्यात एसजीओटी-एसजीपीटी ही यकृतासाठी बघतात ती एन्झाइम्स खूप वाढलेली निघाली. यकृताचा आजार समजून जवळजवळ वर्षभर तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, पथ्यं, बायोप्सीपर्यंत बोलणं गेलं. यकृतात काही सापडेना.

शेवटी एका तरुण डॉक्टरने त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं. तो आधी ओणवा झाला, मग स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत, उभा राहिला. आम्ही ते रोज बघत होतो. त्याची तशी सवय आहे असं वाटायचं. याला गॉवर्स खूण म्हणतात. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं, ते हजारोंच्या घरात. एसजीओटी-एसजीपीटीही स्नायूंतून रक्तात येतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. जनुकीय तपासणीत डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार, नक्की झाली.

हा आजार बरा होत नाही. मग लवकर कळून काय झालं असतं, असं लोक विचारतात. स्टेरॉइड आणि व्यायाम वेळेवर सुरू झाले की चालणं काही वर्षं जास्त टिकतं. हृदयावर आधीपासून लक्ष ठेवता येतं. आणि हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो, त्यामुळे माझ्या मेव्हणीला तिच्या गरोदरपणाआधी तपासणी करून घेता आली. ते एक वर्ष आमच्यासाठी लहान नव्हतं.

मुलगा आता चौदाचा आहे. खुर्चीवर असतो, बुद्धिबळात मला हरवतो.

निशिगंधा

चक्रधर, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलाला खूप माया.

शांतिप्रिया

माझी मुलगी पाच वर्षांची, रात्री पाय दुखतात म्हणून रडते. हे वाचून आता पोटात गोळा आलाय.

बालमित्र

शांतिप्रियाताई, दोन्ही पाय दुखतात, संध्याकाळी किंवा रात्री, चोळल्यावर बरं वाटतं, सकाळी उठून उड्या मारते, असं असेल तर ते वाढीच्या वयातलं साधं दुखणं. एकच पाय, तीच जागा, लंगडणं, सकाळी सांधा आखडलेला, सूज, सोबत ताप, वजन कमी किंवा अंगावर निळे डाग, यातलं काही असेल तर दाखवा.

शांतिप्रिया

दोन्ही पाय, आणि सकाळी तर घर डोक्यावर घेते. जीव भांड्यात पडला.

सदाफुली

नवजात बाळांचं कुणीच बोललं नाही. आमच्या नात्यातल्या बाळाची कावीळ महिना झाला तरी होती. सगळे ऊन दाखवत होते. शी पांढुरकी, राखेसारखी. आजी सोडून कुणाला खटकली नाही. आजींनी लंगोट पिशवीत घालून थेट डॉक्टरांसमोर ठेवला! पित्तनलिका बंद होत्या. पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया पन्नासाव्या दिवशी झाली.

बालमित्र

त्या आजींना माझा नमस्कार सांगा. ही शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली असते. कावीळ १४ दिवसांच्या पुढे राहिली की रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, तपासायचं, त्यातलं 'डायरेक्ट' प्रकारचं किती हे वेगळं बघायचं. आणि शी फिकट असेल किंवा लघवीचा लंगोटावर पिवळा डाग पडत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही.

अजून एक, फोटोंचा विषय निघालाच आहे म्हणून. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल दिसल्या तर ठीक. एक लाल आणि एक पांढरी असं वारंवार दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कॅमेऱ्याचा कोन असतो, कधी मोतीबिंदू, आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग. तो लवकर सापडला तर जीव तर वाचतोच, बऱ्याचदा डोळाही वाचतो.

जुई

सगळं वाचून काढलं. आमच्याकडे सुदैवाने काही नाही. वहिनीचं बाळ सहा महिन्यांचं आहे, ते झोपून उठलं की दचकतं, दहा-बारा वेळा लागोपाठ, हात पसरून मान पुढे टाकतं आणि मग रडतं. गॅस आहे म्हणून पोटाला शेक देतो. बाकी छान आहे, फक्त हल्ली हसत नाही फारसं.

चक्रधर

जुई, थांबा. लागोपाठ? मध्ये थोडं थोडं अंतर ठेवून? आणि हसणं कमी झालंय? बालमित्र, कृपया हे बघा.

बालमित्र

जुई, उद्या सकाळी उठल्यावर व्हिडिओ काढा आणि उद्याच मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वेळ मिळायला उशीर होत असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात जा आणि व्हिडिओ पुढे करा. मी निदान करत नाही, ते काहीच नसू शकतं. पण आवाजाने एकदा दचकणं वेगळं आणि काही सेकंदांच्या अंतराने झुंडीने येणारे झटके वेगळे. अशा झुंडीने येणाऱ्या झटक्यांना, म्हणजे बाळांमधल्या एका प्रकारच्या आकडीला, इन्फंटाइल स्पॅझम्स म्हणतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, केल्यावर कळेल. हे पोटदुखीसारखं दिसतं म्हणूनच आठवडे वाया जातात, आणि उपचार जितके लवकर तितकी बाळाची वाढ वाचते.

१८४१ मध्ये डब्ल्यू. जे. वेस्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन लॅन्सेटमध्ये छापलं होतं. ते मूल त्यांचंच होतं. बाप म्हणून रोज बघून, मोजून लिहिलेलं. तुम्ही आत्ता दोन ओळींत लिहिलंत ते वर्णन त्याच्या फार जवळ आहे. म्हणून एवढ्या घाईने सांगतोय.

जुई

वहिनीला फोन केला. उद्या जातोय.

मृद्गंध

जुई, काही कळलं का? रोज येऊन बघतेय.

जुई

अकरा दिवसांनी लिहितेय, माफ करा. ईईजीत तेच निघालं. त्याच दिवशी दाखल करून औषध सुरू केलं. पहिले चार दिवस काही फरक नव्हता, मग झटके कमी होत गेले, परवापासून एकही नाही. पुन्हा ईईजी करायचा आहे, एमआरआयचा रिपोर्ट यायचा आहे. पुढे काय ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. काल ते वहिनीकडे बघून हसलं. चक्रधरदादा, बालमित्र, तुम्हाला काय म्हणू?

चक्रधर

काही म्हणू नका. दुसऱ्या ईईजीचं इथे कळवा.

मृद्गंध

कळवा नक्की.

माझंही सांगते. काल रात्री हा पुन्हा खोकत होता. दिवा लावला, कपडा वर केला, मिनिटभर मोजले. ३४. पुन्हा मोजले, ३६. बरगड्यांखाली खड्डा नाही, दूध प्यायला, माझं बोट धरून झोपला. वेळ आणि आकडे वहीत लिहिले आणि तीन वाजता पुन्हा मोजायला गजर लावला. सकाळी डॉक्टरांना वही दाखवली. छाती स्वच्छ आहे.